मॉडचिप बसवल्यावर प्लेस्टेशन २ डिस्क वाचत नाही? दोष असा शोधा

सोनीने २००० साली जपानमध्ये आणलेला प्लेस्टेशन २ आजही अनेकांनी जपून ठेवला आहे. त्यातल्या बऱ्याच कन्सोलमध्ये मॉडचिप बसवलेली असते. चिप बसवल्यावर कन्सोल सुरू होतो, पण डिस्क टाकली की ‘डिस्क रीड एरर’ दिसते, अशी तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी लेझर मागवतात. दोष दुसरीकडे असेल तर तो खर्च वाया जातो आणि नवी लेझरही जळू शकते.

मॉडचिप नेमकं काय करते?

अस्सल डिस्कवर एक खास ओळख असते आणि ती कन्सोल तपासतो. मॉडचिप मदरबोर्डला बारीक तारांनी जोडलेली असते. ती या तपासणीत ‘डिस्क बरोबर आहे’ असा संकेत पुढे पाठवते. काही चिपना वीसच्या आसपास तारा लागतात. त्यातला एखादा टाका सैल राहिला किंवा शेजारच्या टाक्याला चिकटला, तरी गडबड होते.

आधी वेगवेगळ्या डिस्क लावून पाहा

प्लेस्टेशन २ सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचतो. सीडीसाठी सुमारे ७८० आणि डीव्हीडीसाठी सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. त्यामुळे गाण्यांची सीडी, सिनेमाची डीव्हीडी, अस्सल गेम आणि कॉपी केलेली डिस्क अशा चारही लावून बघा.

- फक्त कॉपी चालत नाही: लेझर बहुधा ठीक आहे. चिपचे टाके आणि डिस्कचा दर्जा तपासा. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क प्रकाश कमी परावर्तित करतात, म्हणून त्या वाचणं अवघड जातं.
- सीडी चालते, डीव्हीडी नाही (किंवा उलट): लेझर कमकुवत झाली असेल किंवा लेन्स मळली असेल.
- एकही डिस्क चालत नाही, पण फिरते: लेझर, तिची केबल किंवा चिपच्या तारा, यांपैकी काहीही असू शकतं.
- डिस्क फिरतच नाही: मोटरची केबल, बोर्डावरचा छोटा फ्यूज आणि स्लिम मॉडेल असेल तर झाकणाचे स्विच तपासा. झाकण नीट बंद झाल्याचं कळलं नाही, तर स्लिम डिस्क फिरवत नाही.

मग कन्सोल उघडा

वायर काढून ठेवा आणि थोडा वेळ थांबा. हातातली स्थिर वीज लेझर बिघडवू शकते, म्हणून अर्थिंगची पट्टी वापरा.

१. लेझरची चपटी पट्टी-केबल खाचेत सरळ बसली आहे का, दुमडली तर नाही ना, ते पाहा. स्लिममध्ये ही केबल वर उचलली गेली तर फिरत्या डिस्कवर ओरखडे पडतात.

२. चिपच्या तारा लेझरच्या मार्गात किंवा पत्र्याच्या आवरणाखाली दबल्या आहेत का? उघडा असताना चालणारा कन्सोल स्क्रू आवळल्यावर बंद पडत असेल, तर बहुधा हेच कारण असतं.

३. चिप बंद करून अस्सल गेम लावा. बंद करण्याची पद्धत चिपनुसार बदलते. आता गेम चालला, तर दोष चिपमध्ये किंवा तिच्या टाक्यांत आहे.

४. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. दाब देऊ नका.

या दोन गोष्टी टाळा

लेझरवरचा छोटा स्क्रू फिरवून प्रवाह वाढवला, की डिस्क काही दिवस चालतात. पण लेझरचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय कन्सोल उघडा ठेवून चालवताना लेन्सकडे थेट पाहू नका. डीव्हीडीचा लाल प्रकाश अंधुक दिसतो आणि सीडीचा जवळजवळ दिसतच नाही, तरी डोळ्यांना इजा होऊ शकते.

नवी लेझरही गेली तर?

तिसरी विकत घेऊ नका. स्लिमच्या काही बोर्डांवर चिप बसवल्यानंतर लेन्स हलवणाऱ्या कॉइलमधून जास्त प्रवाह जातो आणि लेझर जळते. अशा वेळी लेझरला प्रवाह देणारी ड्रायव्हर आयसी आणि चिपचे टाके जाणकार कारागिराकडून तपासून घ्या. मूळ कारण दूर झाल्यावरच नवी लेझर बसवा.

कायदा काय सांगतो?

२०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्यामुळे कॉपी केलेल्या गेमसाठी चिप वापरणं जोखमीचं आहे.