काठीची होळी आणि विद्यापीठातील दोन वर्ग

सातपुड्याच्या कुशीत, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे गाव आहे. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री दूरदूरच्या पाड्यांवरून माणसांचे थवेच्या थवे या गावी उतरतात. त्यांतील काही तरुण नवसकरी असतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू, आणि उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची व रेघांची दाट नक्षी, असा त्यांचा वेश असतो. आहाराविहाराचे कडक नियम त्यांनी आधी कित्येक दिवस पाळलेले असतात. रात्रभर ढोल वाजतात, रिंगण फिरत राहते आणि पहाटेच्या सुमारास होळी पेटते.

या नवसकऱ्याच्या अंगावरची नक्षी विद्यापीठात शिकावयाची झाली, तर ती कोणत्या वर्गात शिकावी? नवस, व्रत व कुलाचार हा मानवशास्त्राचा विषय, असे एक प्राध्यापक म्हणतील. ठिपका, रेषा व रचना हा चित्रकलेचा विषय, असे दुसरे म्हणतील. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु नक्षी एकीकडे आणि नवस दुसरीकडे गेला, की काठीचा माणूस कोणाच्याच वर्गात पुरता राहत नाही. ही फाळणी कशी झाली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

चित्रकलेचा वर्ग आपल्याकडे आधी उघडला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईस १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. युरोपीय मूर्तींचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून छायाप्रकाश गिरवावयाचा, हा तेथील शिक्षणाचा पाया होता. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात, पण खानदेशच्या अगदी सीमेवर. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींपुढे मुंबईचे तरुण चित्रकार वर्षानुवर्षे बसले, हे त्यांच्या निष्ठेचेच द्योतक होय. मात्र तापी ओलांडून उत्तरेस गेल्यावर जी नक्षी दरवर्षी नव्याने उमटत होती, तिला अभ्यासक्रमात जागा मिळाली नाही. पुढे खेडोपाडी पोहोचलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व कर्तव्यभूमिती यांचे वळण हजारो मुलांच्या हातांस लावले. त्याचा उपयोग मोठा झाला. पण चित्र म्हणजे कागदावरचे चित्र, ही समजूतही त्याबरोबरच घट्ट झाली.

मानवशास्त्राचा वर्ग मागाहून आला. मुंबईची मानवशास्त्र संस्था १८८६ सालची. पण ती हौशी अभ्यासकांची व अधिकाऱ्यांची सभा होती. सातपुड्यातील भिल्लांची सविस्तर नोंद झाली तीही सरकारच्या गरजेपोटी, १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये. महसूल, जंगल आणि बंदोबस्त यांच्या पानांशेजारी माणसांच्या चालीरीतींची पाने बांधली गेली.

विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ मुंबईस १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या समाजशास्त्र विभागाने झाला. १९२४ पासून त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाहिली. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन या दोन गुरूंकडे शिकले होते. यांतील हॅडन यांनी न्यू गिनीतील नक्षीकामाचा अभ्यास करून कलेच्या उत्क्रांतीवर १८९५ साली एक ग्रंथच लिहिला होता. म्हणजे माणूस व त्याची नक्षी एकत्र पाहण्याची दृष्टी या शास्त्राच्या घरात नव्हती, असे नाही. स्वतः घुर्ये यांनीही पुढे भारतीय वेशभूषेवर पुस्तक लिहिले.

परंतु त्या काळी आदिवासींविषयीचा मुख्य वाद निराळाच होता. १९३५ च्या कायद्यानंतर पश्चिम खानदेशातील नवापूर पेठा, तळोदा तालुका, अक्राणी महाल आणि काठीसह सहा मेवासी जमीनदारांची गावे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरली. प्रांतिक कायदेमंडळाचे कायदे तेथे गव्हर्नरच्या आज्ञेवाचून लागू होत नसत. या प्रदेशांची पाहणी करून सिमिंग्टन यांनी १९३९ साली जो अहवाल दिला, त्यात सावकारी पाश आणि वेठ यांचे चित्र आहे. आदिवासींचे वेगळेपण जपावे, हा व्हेरिअर एल्विन यांचा आग्रह. तर ते हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग होत, हा घुर्ये यांचा १९४३ च्या ग्रंथातील सिद्धांत. दोन्ही बाजूंना विद्वान होते, कळकळ होती. ज्यांच्याविषयी हे चालले होते, ते मात्र या चर्चेत बोलणारे नव्हते; ते केवळ चर्चेचा विषय होते.

मोजमापाच्या शास्त्राचीही एक बाजू येथे पाहिली पाहिजे. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनास गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आहे, अशी तेथील अपेक्षा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे निर्भयपणे लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. पुढे जर्मनीत या वंशवादाने किती अनर्थ केला, ते जगाने पाहिले. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून कर्वे यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. पश्चिम खानदेशच्या भिल्लांची सामाजिक व आर्थिक पाहणीही त्यांनी केली. त्यांच्या हातून मानवशास्त्र कवटीकडून कुटुंबाकडे, आकड्यांकडून नात्यागोत्याकडे वळले, हा मराठी विद्याक्षेत्राचा मोठाच लाभ होय.

तरीही नक्षीचा प्रश्न उरला. नर्मदेच्या उत्तर तीरावर, छोटा उदेपूर व अलिराजपूर भागात, राठवा व भिलाला लोकांत पिठोऱ्याचे चित्र काढतात. घरावर संकट आले म्हणजे नवस बोलतात. तो फेडताना ओसरीच्या भिंती शेणाने व पांढऱ्या मातीने सारवून त्यांवर देवांचे घोडे उभे करतात. चित्र काढणारा तो लखारा. रंगांत दूध आणि मोहाची दारू कालवितात. चित्र पुरे झाले तरी कार्य पुरे होत नाही. अंगात आलेला बडवा भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती तपासतो, कोणी देव राहून गेला असेल तर तो काढावयास लावतो, आणि मगच नवस फिटतो. येथे चित्रकार आहे, परीक्षक आहे, नियम आहेत, शुद्धाशुद्धाचा विचार आहे. जे चित्रशाळेत असते ते सारे येथे आहे; फक्त ते देवघरापासून वेगळे काढलेले नाही.

विद्यापीठांनी जे केले नाही, ते काही चित्रकारांनी केले. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांवर गेले, आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगापुढे आली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भोपाळच्या भारत भवनाचे बांधकाम चालू असता तेथे मजुरी करणाऱ्या झाबुआकडील भिल्ल स्त्रीच्या, भूरीबाईंच्या, हाती चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी कागद आणि रंग दिले. पिठोऱ्याचा घोडा काढण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचा; भूरीबाईंनी आपल्या आठवणीतील झाडे, पशुपक्षी व घरे काढली. २०२१ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येताना चित्राला किंमत आली, चित्रकाराला नाव मिळाले. त्याचबरोबर नवस मागे राहिला. हा लाभ की हानी, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. पण येथे काही बदलले आहे, हे विद्यार्थ्याला शिकविले पाहिजे.

हा प्रश्न नंदुरबारला विशेष जवळचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ च्या वर आहे. खानदेशातील महाविद्यालयांचे विद्यापीठ प्रथम मुंबईस होते, १९४९ पासून पुण्यास आणि १९९० पासून जळगावी आले. गॅझेटियरने ज्यांच्या पणज्यांचे वर्णन केले, त्यांची मुले आज वर्गातील बाकांवर बसतात. पावरी, मावची वा देहवाली बोलत वाढलेल्या मुलीला मानवशास्त्राच्या पुस्तकात आपलेच लग्न, आपलाच देव, आपलीच होळी दुसऱ्याच्या शब्दांत वाचावी लागते. तिला त्यातील चूक दिसते, तेव्हा ती चूक दाखविण्याची वाट अभ्यासक्रमात असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका शाखेच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याची मुभा द्यावी असे म्हटले आहे. मानवशास्त्र व चित्रकला हे दोन वर्ग जोडण्यास त्यामुळे निमित्त मिळाले आहे.

पण केवळ दोन दारे उघडून ते साधणार नाही. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती कुंचला घेऊन एक रेष ओढून पाहिली पाहिजे, म्हणजे लखाऱ्याचे कसब त्यास उमगेल. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने ठिपका उतरविण्यापूर्वी तो कोणत्या नवसाचा, हे विचारले पाहिजे. आणि दोघांनीही ध्यानात ठेवावे, की काठीच्या रिंगणात नाचणारा तरुण उद्या त्यांच्याच शेजारच्या बाकावर येऊन बसेल. तेव्हा त्याच्याविषयी आपण लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखविता यावे. विद्येची याहून कडक परीक्षा दुसरी नाही.