रजेचा पगार आणि गावची वाट

माझ्या वडिलांनी मागे ठेवलेल्या वस्तूंमध्ये एक लांबट, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची हिशेबवही आहे. वडील लालबागला एका गिरणीत साचाखात्यात होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर घोटीव. वाण्याची उधारी, भिशी, गणपतीची वर्गणी, मुलांच्या फिया असे सगळे त्या वहीत आहे. दर वर्षी मे महिन्याचे पान मात्र वेगळे असते. त्याच्या डोक्यावर ‘गावी जाणे’ असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढलेली. इतर कोणत्याही पानाला असा मथळा नाही.

गिरणगावचा इतिहास संपांचा, संघटनांचा, चाळींचा आणि शाहिरांचा म्हणून पुष्कळ लिहिला गेला आहे. वर्षातून एकदा ही माणसे बायकामुलांसह गाव गाठत, त्या वाटेचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. उन्हाळ्यातला सहकुटुंब प्रवास म्हटला की आपल्याला महाबळेश्वर-माथेरान आठवते, किंवा परदेशी चित्रपटांत मोटारीच्या टपावर सामान बांधून निघालेले कुटुंब. मुंबईच्या कामगाराला असा प्रवास होता का? असला, तर तो सहल कधी झाला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सुटीचा हक्क

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि माणसे आली, ती मोठ्या प्रमाणात कोकणातून. 1881 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखाच्या आसपास होते. यांतले बहुतेक पुरुष एकटे. गावमंडळाच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि महिन्याला गावी मनिऑर्डर, असा त्यांचा संसार दोन ठिकाणी चाले.

एप्रिल-मे आला की गिरणीत गैरहजेरी वाढे. मालकांच्या लेखी ती बेशिस्त होती. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने मात्र वेगळा विचार केला. कामगार शहराच्या ओढीने येत नाही, गावच्या दारिद्र्यामुळे ढकलला जातो. त्यामुळे गावाशी असलेला त्याचा धागा तोडू नये, तो टिकवावा, असे या आयोगाचे 1931 च्या अहवालातले मत होते. पण धागा टिकवायचा तर पगार बुडवूनच. महिनाभर गावी राहिलेला माणूस परत येई तेव्हा त्याच्या साच्यावर बदली उभा असे.

जगात याच सुमारास एक नवी कल्पना रुजत होती. 1936 साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे 1945 च्या दुरुस्तीने दहा दिवसांची पगारी रजा आली. नंतर 1948 च्या कारखाना कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरली. म्हणजे तीनशे दिवस भरलेल्या कायम कामगाराला पंधरा दिवस. बदलीवाल्याचे 240 दिवस भरणेच कठीण, तेव्हा हा हक्क त्याच्या बाबतीत बहुधा कागदावरच राही.

वडिलांच्या वहीत मेच्या पानावर पहिली ओळ ठरलेली आहे : ‘रजेचा पगार जमा’. खर्च त्याच्या खाली. आमच्या घरातल्या प्रवासाचा उगम निसर्गाच्या ओढीत नसून या एका ओळीत आहे.

बोटीकडून रस्त्याकडे

आजोबांच्या पिढीची वाट पाण्याची. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघे आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जाई. बऱ्याच ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नसे. भर समुद्रात थांबे आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या, लहान मुले पडावात उतरवली जात. पावसाळा तोंडावर आला की वाहतूक बंद. मेअखेरीच्या आत जाऊन यायचे, ही घाई त्यामुळेच होती. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावस्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यात लालबाग-परळ-गिरगावातली कितीतरी घरे होती. आजी शेवटपर्यंत बोटीचे नाव काढू देत नसे.

1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. कोकणात ती हळूहळू शिरली, कारण खाड्यांवर पूल हवे होते आणि घाटांना रस्ते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला आणि ठाणे-मुंब्र्याचा वळसा वाचला. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरच्या गाड्या वाढल्या आणि बोटी मागे पडत गेल्या. ‘कोकण सेवक’सारखी नावे ऐंशीच्या दशकानंतर आठवणींतच उरली.

या बदलाचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही. बोटीतून किनारा लांबून, एका रेघेत दिसे. रस्त्याने जाताना मुलूख गावागावाने उलगडू लागला. पनवेल सोडले की कर्नाळ्याचा सुळका. 1968 साली तिथे पक्षी अभयारण्य झाले. मग वडखळचा चहा, नागोठणे, माणगाव, महाडला जेवण, पोलादपूर, कशेडीची वळणे, भोस्ते, परशुराम, खाली वाशिष्ठीच्या काठी चिपळूण. वहीतल्या खर्चात ही नावे सत्तरनंतर येऊ लागतात. त्याआधी फक्त ‘बोटभाडे, हमाल, पडाव’ एवढेच.

तरीही ही सहल नव्हती. गावी जायचे ते कामाला. पावसाआधी घर शाकारायचे, कौले परतायची, लाकूडफाटा भरायचा, भावबंदांतली लग्ने उरकायची, वाटणीचे वाद ऐकायचे. जाताना साखर, चहापूड, लुगडी, आजीसाठी चष्म्याची दांडी. येताना तांदूळ, कुळीथ, आमसुले, फणसपोळी आणि पेंढ्यात घातलेले आंबे. पंधरा दिवसांत वडिलांना मी बसलेले पाहिले नाही. गिरणीत ते आठ तास उभे असत. गावी त्यांना तासांचा हिशेबच नसे.

1979 : ‘गावी जाणे व सहल’

वहीत 1979 च्या पानावर मथळा बदललेला आहे : ‘गावी जाणे व सहल’. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

त्या वर्षी एसटीचे आरक्षण मिळाले नाही. परळ आगाराच्या रांगेत रात्र काढूनही वडील रिकाम्या हाती आले. मग तीन कुटुंबांनी मिळून एक मेटाडोर ठरवली. एक आम्ही. दुसरे गिरगावातली माझी मावशी आणि तिचे यजमान. ते कारकून, मूळ चिपळूणचे. तिसरे वडिलांचे गिरणीतले स्नेही. त्यांना मी काका म्हणत असे. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, गाव महाडजवळ. गाडी आपलीच आहे तर वाटेत प्रत्येकाच्या आवडीचा एक थांबा घ्यावा, अशी टूम मावशीच्या यजमानांनी काढली.

काकांनी महाडला गाडी चवदार तळ्याकडे घ्यायला सांगितली. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काका पायऱ्या उतरले, चपला काढल्या, ओंजळभर पाणी घेतले. आम्ही मुले त्यांच्यामागे. वडील मात्र वरच थांबले. काकांनी वर पाहिले आणि म्हणाले, “या की खाली, पाटील. पाणी सगळ्यांचं आहे.” वडील उतरले.

ते वर का थांबले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी गिरणगावचा इतिहास वाचताना उमगले. दोघे एकाच गिरणीतले, पण काका रिंगखात्यात आणि वडील साचाखात्यात. साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. ती रीत वडिलांनी घातलेली नव्हती, पण तिचा लाभ आमच्या घराला झाला होता. वडिलांना हे नीट कळत असावे. त्या पानावर ‘महाड : तळे पाहिले’ एवढेच लिहिले आहे आणि खर्चाचा रकाना कोरा आहे.

दुसरा थांबा परशुरामाचा, मावशीच्या यजमानांसाठी. तिसरा वडिलांनी घेतलाच नाही. “आपल्याला काय, घरीच तर चाललोय,” म्हणाले. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. तिला रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायचा होता. तिथे आपले कोण आहे, असे वडिलांनी विचारले. ती म्हणाली, “कोणी नाही. म्हणूनच.”

सहलीची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. आई तोपर्यंत जिथे जिथे गेली होती, तिथे तिच्यासाठी चूल वाट पाहत होती : माहेरची, सासरची, नणंदेची. जिथे आपले कोणी नाही आणि आपल्याला काही काम नाही, अशा ठिकाणी केवळ पाहण्यासाठी जायचे, ही चैन तिने एकदा मागितली. अमेरिकेत 1872 साली यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे मोटारी आल्यावर तिथल्या कुटुंबांना हे सुख हळूहळू सवयीचे झाले. आमच्याकडे ‘उद्यान’ म्हणजे फार तर एका रविवारी बोरिवलीच्या कृष्णगिरी उपवनात डबा घेऊन जाणे.

राजवाडा आम्ही बाहेरूनच पाहिला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून हिंदुस्थानात आणले. रत्नागिरीतला हा वाडा 1910 साली त्याच्यासाठी बांधून झाला आणि 1916 मध्ये मायदेश पुन्हा न पाहताच तो वारला. आई आवाराच्या कठड्याला टेकून बराच वेळ खाली खाडी पाहत उभी होती.

एकेरी भाडे

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मे आला तेव्हा तोडगा दृष्टिपथात नव्हता. त्या वर्षीच्या पानावर ‘रजेचा पगार जमा’ ही ओळ नाही. मथळा पुन्हा जुना, ‘गावी जाणे’. खाली जाण्याचे एसटी भाडे लिहिलेले आहे, येण्याचे नाही.

आई आणि आम्ही भावंडे गावीच राहिलो. जूनमध्ये माझे नाव गावच्या शाळेत घातले. वडील एकटे परत आले आणि गावमंडळाच्या खोलीत पथारी टाकून राहिले. त्यांच्या वडिलांनी काढले तसे दिवस त्यांनी पुन्हा काढले. गिरणीने त्यांना परत घेतले नाही. संपाच्या त्या उन्हाळ्यात कोकणाकडे आणि घाटावर गेलेल्या गाड्यांत अशी कितीतरी कुटुंबे एकेरी भाड्याने गेली. संपाच्या इतिहासात कामगारांचे आकडे असतात, गिरण्यांचे असतात. परतीचे तिकीट न काढलेल्या बायकामुलांची नोंद असलीच तर अशा वह्यांतच असेल.

काळाचा विरोधाभास असा की त्याच दशकात मराठी माणसाची सहल बहरली. 1984 साली केसरी पाटील यांनी ‘केसरी’ सुरू केली आणि दादर-गिरगावातली मध्यमवर्गीय कुटुंबे गटाने काश्मीर-केरळ पाहू लागली. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आता कशेडीच्या वळणांऐवजी बोगदा आहे. कर्नाळा, चवदार तळे, परशुराम, थिबा राजवाडा ही सगळी ‘स्थळे’ झाली आहेत. आमच्या गावच्या घरातल्या दोन खोल्या चुलतभाऊ मे महिन्यात निवास-न्याहारीसाठी देतो. पाहुणे मुंबईचेच असतात. त्यांचे तिथे कोणी नसते, आणि त्यांनी ते सुख घ्यावे यात मला गैर काहीच वाटत नाही.

एवढेच वाटते की गिरणगावच्या कुटुंबाला हे सुख मिळू लागले होते. पगारी रजेने वेळ दिला, रस्त्याने वाट दिली आणि एका आईला ‘कोणी नाही म्हणूनच’ असे म्हणण्याचे धैर्य आले. 1979 पासून 1982 पर्यंत तीन वर्षे. आमच्या वहीपुरता गिरणी कामगाराच्या सहलीचा इतिहास एवढाच आहे.

पण एका वहीवरून इतिहास सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, अशा हिशेबवह्या, जुनी तिकिटे, रजेच्या चिठ्ठ्या असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी मेचे पान एकदा उघडून पाहावे. मथळा काय आहे, येण्याचे भाडे लिहिले आहे की नाही, आणि एखाद्या ठिकाणापुढे खर्चाचा रकाना कोरा आहे का, हे तेवढे पाहावे.