गुलामांची मुक्ती आणि इंग्लंडमधील स्त्रिया

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात गुलामगिरीच्या अंताची हकीकत बहुधा चार-पाच ओळींत आटोपलेली असते. विल्बरफोर्स नावाच्या थोर गृहस्थाने पार्लमेंटात वर्षानुवर्षे खटपट केली, १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद झाला, १८३३ साली गुलामगिरीच रद्द करणारा कायदा झाला, आणि प्रकरण संपले. या ओळींत खोटे काही नाही. पण १८०७ पासून १८३३ पर्यंत सव्वीस वर्षे गेली, ती कशी गेली, हे त्यांत येत नाही. ते पाहू लागलो की आपली गाठ पार्लमेंटच्या सभासदांशी फारशी पडत नाही. गाठ पडते ती मताचा अधिकार नसलेल्या बायकांशी. त्यांची ही गोष्ट आहे.

सुरुवात साखरेपासून करू. ऊस आपल्याला नवा नाही. लागणीला किती हात लागतात, तोड झाली की ऊस वाळायच्या आत गाळावा लागतो, गुऱ्हाळ लागले की चुलवण रात्रंदिवस पेटते ठेवावे लागते, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. हीच सारी कामे जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा या वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलामांकडून चाबकाच्या धाकाने करून घेतली जात. हे गुलाम आफ्रिकेतून आणलेले. सुमारे साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून अमेरिकेकडे आणि या बेटांकडे रवाना झाली. त्यांपैकी कित्येक लाख वाटेतच मेली. उसाच्या शेतात कुदळीने खड्डे खणणाऱ्या टोळ्यांत बायका पुरुषांपेक्षा कमी नसत. आणि त्या उसाची साखर जाई कोठे? इंग्लंडातल्या घरांत, चहाच्या पेल्यात.

१७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटने फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या लेखकाने एक छोटे पुस्तक काढले. त्यात एक साधा हिशेब मांडला होता. आठवड्याला पाच पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो, साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ही साखर आणि तिच्याबरोबरची रम सोडली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. हिशेब घरातल्या बाईला लगेच उमगणारा होता, कारण साखरेचा डबा तिच्याच ताब्यात. पुष्कळ घरांत त्या साखरेवर बहिष्कार पडला. चळवळीचे एक कार्यकर्ते टॉमस क्लार्कसन यांनी, तीन लाख माणसांनी साखर सोडली असावी, असा अंदाज केला आहे.

१८०७ च्या कायद्याने नवे गुलाम आणणे थांबले. जे गुलाम होते, ते आणि त्यांची मुले मात्र गुलामच राहिली. १८२३ साली लंडनमध्ये पुढाऱ्यांनी गुलामगिरीविरोधी संस्था काढली. तिच्या नावातच ‘क्रमाक्रमाने’ असा शब्द होता. आधी चाबूक कमी करावा, मग थोडे शिक्षण द्यावे, मग सावकाश केव्हातरी मुक्ती द्यावी, असे धोरण.

हे धोरण ज्यांना मुळीच मानवले नाही, त्यांत लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक पुढे होत्या. जन्म १७६९ चा. लवकर वैधव्य आले, पुढे त्या शाळेत शिकवीत. १८२४ साली त्यांनी ‘क्रमाक्रमाने नव्हे, ताबडतोब’ अशा आशयाचे एक पत्रक छापले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चोरीचा माल विकणारा जितका दोषी, तितकाच तो जाणूनबुजून घेणारा. मालक मुदत मागतच राहणार, कारण मुदतीत त्याचा फायदा आहे. तेव्हा त्याची विनवणी करण्यापेक्षा त्याची साखर घेणे बंद करा. हेरिकबाई नुसते लिहून थांबल्या नाहीत. मैत्रिणीला बरोबर घेऊन त्या घरोघर फिरल्या आणि साखर सोडण्याची वचने घेतली.

१८२५ साली लूसी टाउनसेंड आणि मेरी लॉइड यांनी बर्मिंगहॅमच्या परिसरात स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ काढले, आणि १८३१ पर्यंत देशभर अशी सत्तरांवर मंडळे झाली. त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. पिशव्या शिवायच्या, त्यांत माहितीची पत्रके घालायची आणि त्या विकायच्या. पिशवीचे कापडसुद्धा गुलामांनी पिकवलेल्या कापसाचे चालत नसे. ‘गुलामांच्या हातची नसलेली, ईस्ट इंडियाची साखर’ असे लिहिलेली साखरेची भांडी त्या काळी टेबलावर दिसू लागली.

हे सगळ्यांना आवडले असे समजू नका. खुद्द विल्बरफोर्स यांना बायकांनी सभा भरवाव्या, दारोदार फिरावे, हे पटत नव्हते. स्त्रीच्या शीलाला ते शोभत नाही, असे त्यांचे मत. पण संस्थेच्या तिजोरीत स्त्रियांच्या मंडळांकडून येणारा पैसा लहान नव्हता. १८३० साली बर्मिंगहॅमच्या स्त्रियांनी लंडनला स्पष्ट कळवले, नावातला ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द काढा, नाहीतर आमची पन्नास पौंडांची देणगी मिळणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तो शब्द निघाला.

आता दुसऱ्या एका बाईची ओळख करून देतो. वर सांगितलेल्या बायका स्वतंत्र होत्या. ही स्वतः गुलाम होती. मेरी प्रिन्स तिचे नाव. १७८८ च्या सुमारास बर्म्यूडा बेटावर ती जन्मली. बारा वर्षांची असताना तिला आणि तिच्या दोन बहिणींना बाजारात उभे केले गेले, आणि तिघी तीन मालकांकडे गेल्या. बाजारापर्यंत लेकींना घेऊन जाण्याचे काम आईलाच करावे लागले. पुढे मेरीने मिठागरांत काम केले. तासन्‌तास खाऱ्या पाण्यात उभे राहून पायांना फोड यायचे. १८२८ साली मालकाने तिला लंडनला आणले. तेथून मेरी निसटली. इंग्लंडच्या भूमीवर तिला जबरदस्तीने परत नेता येत नव्हते, पण नवरा अँटिग्वाला होता, आणि तेथे पाऊल ठेवताच ती पुन्हा गुलाम झाली असती. मोल घेऊन मोकळी करायलाही मालक तयार नव्हता. १८२९ साली तिने पार्लमेंटकडे अर्ज केला. १८३१ साली तिने आपली कहाणी सांगितली, सुझॅना स्ट्रिकलंड या तरुणीने ती लिहून घेतली, आणि पुस्तक निघाले. ब्रिटनमध्ये छापलेले, एका कृष्णवर्णीय स्त्रीचे हे पहिले आत्मकथन. एका वर्षात ते तीनदा छापावे लागले.

येथे एक गोष्ट मनाला लागते. कहाणी खरी कशावरून, असा प्रश्न निघाला. बर्मिंगहॅमच्या स्त्री-मंडळानेही विचारणा केली. तेव्हा संपादकाच्या पत्नीने मेरीची पाठ पाहून, ती वळांनी भरलेली आहे, असे पत्र टाउनसेंडबाईंना लिहिले, आणि ते पुस्तकाला जोडले. मेरीच्या शब्दाला तिच्या पाठीची साक्ष लागली. सहानुभूती बाळगणाऱ्यांच्या मनातही समतेला किती चढ चढावा लागतो, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

१८३२ च्या सुधारणा-कायद्याने मतदार म्हणजे पुरुषच असे लिहून टाकले होते. बायकांच्या हाती राहिला फक्त अर्ज करण्याचा हक्क. १८३३ च्या मे महिन्यात त्यांचा एकच अर्ज पार्लमेंटात आला, त्यावर १,८७,१५७ स्त्रियांच्या सह्या होत्या. ते बाड आत आणायला चार सभासद लागले. ऑगस्टमध्ये कायदा झाला. हेरिकबाईंना मात्र तो दिवस पाहायला मिळाला नाही. त्या १८३१ मध्येच वारल्या.

कायदा निर्दोष नव्हता. दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना काही नाही. सहा वर्षांवरील गुलामांना ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे राबायचे होते. पुन्हा अर्ज निघाले, राणी व्हिक्टोरियाकडेही गेले, आणि १ ऑगस्ट १८३८ ला ही उमेदवारी संपली. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान तर या कायद्यातून वगळलाच होता. तेथे गुलामीविरुद्ध कायदा झाला तो १८४३ साली. म्हणजे ज्या ईस्ट इंडियाच्या साखरेची त्या बायका भलावण करीत, तिच्या देशातही वेठ आणि दास्य होतेच. शिवाय मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी मॉरिशसच्या उसात हिंदी गिरमिटिये मजूर गेले. त्यांत आपली मराठी माणसेही होती.

या लढ्याची एक शाखा अमेरिकेत वाढली. स्वतः गुलामीतून पळालेली हॅरिएट टबमन तेरा वेळा जिवावर उदार होऊन परत गेली आणि तिने सुमारे सत्तर जणांना सोडवून आणले. १८४० साली लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना बोलू न देता बाजूला बसवले. त्यांतल्या ल्युक्रेशिया मॉट आणि तेथेच त्यांना भेटलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवली. दुसऱ्याच्या बेड्या तोडायला निघालेल्या बायकांना आपल्या पायांतलीही बेडी दिसली, ती अशी. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली, आणि आठ वर्षांनी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केले.

शिक्षक बंधुभगिनींनो, विल्बरफोर्सचे नाव फळ्यावर जरूर लिहा. त्याखाली एलिझाबेथ हेरिक आणि मेरी प्रिन्स ही दोन नावेही लिहा. आणि मुलांना फॉक्सचा हिशेब घालून पाहा : आठवड्याला पाच पौंड, तर एकवीस महिन्यांत साखर किती? गणित सुटले, की त्यामागची माणसेही त्यांना विचारावीशी वाटतील.