योगाच्या पोथ्या व घरगुती पुस्तकें : बारामती-इंदापूरकडील संग्राहकांस एक विनंती

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत जुन्या कागदांच्या शोधार्थ जो जो हिंडतो त्याची नजर ठराविक वस्तूंवरच ठरते. बारामतीस मोरोपंतांचें (१७२९–१७९४) बरेंचसें आयुष्य गेलें, तेव्हां तेथें आर्यांचीं बाडें शोधावयाचीं. इंदापुराशीं मालोजीराजे भोसले यांचें नांव निगडित, तेव्हां तेथें सनदा व महजर. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुरास देवस्थानचे कागद. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या फडताळांतून हीं दप्तरें निघतात, त्याच फडताळांत पुष्कळदां योगासनांचें एकादें पातळ छापील पुस्तक असतें, शिवण सुटलेलें, कोपरे दुमडलेलें. आणि संग्राहक तें बाजूस सारून पुढें जातो. आमचें म्हणणें असें कीं, गुरूवांचून घरच्या घरीं योग शिकण्याचा जो प्रघात महाराष्ट्रांत गेल्या सव्वाशें वर्षांत पडला, त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास संस्कृत पोथ्यांइतकींच हीं पुस्तकेंही लागतील. किंबहुना योगाची पोथी कशासाठीं लिहिली जात असे, याचा उलगडाही त्यांच्याशीं ताडून पाहिल्यावांचून नीट होत नाहीं.

प्रथम पोथीचें पाहूं. हठयोगाचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ स्वात्मारामाची हठप्रदीपिका. त्याचा काल सामान्यतः इसवी सनाचें पंधरावें शतक मानितात. आरंभीं आदिनाथास वंदन, मग मत्स्येंद्र-गोरक्षादि सिद्धांची नामावळी, आणि लगोलग ही विद्या गुप्त राखावी अशी ताकीद. पुढें अभ्यासाची मठी कशी असावी तें सांगितलें आहे : दार लहान, खिडकी व भोंक नाहीं, फार उंच नाहीं व फार सखलही नाहीं, गोमयानें नीट सारवलेली. (आमच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यांत जीं जुनीं धाब्याचीं घरें अजून कोठें कोठें उभीं आहेत, त्यांच्या माजघरास हें वर्णन इतकें जुळतें कीं, स्वात्मारामानें वेगळी मठी बांधावयास कां सांगितली याचें नवल वाटावें.) नंतर आसनें येतात तीं अवघीं पंधरा. घेरंडसंहितेंत बत्तीस आहेत. शिवसंहिता चौऱ्यायशींचा उल्लेख करून वर्णन चारांचेंच करते. एकेका आसनास बहुधा एखाद-दुसरा श्लोक, क्वचित् अधिक.

या एका श्लोकांत किती मावतें हें पाहण्यासाठीं धनुरासनाचें उदाहरण घेऊं. हठप्रदीपिका इतकेंच सांगते कीं, पायांचे दोन्ही आंगठे दोन्ही हातांनीं धरून कानापर्यंत धनुष्य ओढल्यासारखें ओढावें. ब्रह्मानंदाची ज्योत्स्ना टीका झांकून ठेवून केवळ या शब्दांवर विसंबून आम्हीं घरीं, जमिनीवर सतरंजी टाकून, हें करून पाहिलें. आंगठ्यांस द्विवचन, हातांस द्विवचन. मग दोन्ही आंगठे दोन्ही कानांस आणावयाचे, कीं एक पाय ताणून दुसराच ओढावयाचा? बसून कीं निजून? डावा आधीं कीं उजवा? व्याकरणानें पाहतां पहिला अर्थही लागतो, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या कमरेस तो परवडत नाहीं. टीका उघडली तेव्हां उलगडा झाला : एक हात आंगठ्यासह लांब पसरलेला, दुसरा आंगठ्यासह कानापर्यंत आंखडलेला. धनुर्धराची ती आकृति लगेच डोळ्यांपुढें उभी राहते. आतां घेरंडसंहिता पाहावी. तेथें त्याच नांवाखालीं पाय दंडासारखे जमिनीवर पसरावयाचे, हात पाठीमागें नेऊन पाय धरावयाचे व अंग धनुष्याप्रमाणें वांकवावयाचें. पोटावर निजावें असें श्लोकांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. तें वाचणाऱ्यानें समजून घ्यावयाचें. आजचीं मराठी पुस्तकें पोटावरच्या आसनासच धनुरासन म्हणतात व कानापर्यंत ओढण्याच्या आसनास आकर्ण धनुरासन असें निराळें नांव देतात. म्हणजे केवळ प्रदीपिकेची पोथी घेऊन बसलेला मनुष्य आणि केवळ छापील पुस्तक घेऊन बसलेला मनुष्य हे दोघे एकच नांव उच्चारून दोन वेगळ्या गोष्टी करतील, आणि दोघांसही शास्त्राधार आहे.

यावरून श्लोक सदोष ठरतो असें मात्र नाहीं. ज्यानें आसन डोळ्यांनीं पाहिलें आहे, ज्याच्या गुडघ्यावर गुरूचा हात पडला आहे, त्याला विसर पडूं नये म्हणून तो रचलेला आहे. गवयाच्या वहींत चीज लिहिलेली असते तशी ही लिहिणी; ज्यानें राग ऐकलाच नाहीं त्याच्या हातीं ती वही दिली म्हणून त्यास गातां येणार नाहीं. प्रदीपिकाकारास हें पुरतें ठाऊक होतें. तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी, दुबळा, कोणीही अभ्यासानें सिद्धि पावेल असें तो उदार आश्वासन देतो. पण केवळ शास्त्र वाचून ती मिळत नाहीं असेंही तेथेंच बजावतो. सूचींत पोथीचें नांव, पत्रें व लेखनशक लिहून थांबणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. पोथी सांपडली म्हणजे त्या घरीं योगाभ्यास होता असें सिद्ध होत नाहीं. संग्रहाची हौस किंवा पुण्यबुद्धि एवढेंही कारण पुरतें.

मराठींत या विद्येचा प्रवेश फार जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) सहाव्या अध्यायांत आसनाची जागा, मूळबंध, जालंधर, वोढियाणा व पुढें कुंडलिनीचें जागृत होणें हें सर्व इतक्या तपशिलानें आलें आहे कीं, संस्कृत ग्रंथकारही मागें पडावे, आणि ग्रंथाच्या अखेरीस दिलेली गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति अशी तीच आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें पाठ शुद्ध केल्यावर हा ग्रंथ पिढ्यानुपिढ्या वाचला गेला. तरी ज्ञानेश्वरी समोर ठेवून कोणी आसन शिकला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पारायणांत सहावा अध्याय येतो, ऐकणारे माना डोलावितात, आणि सातवा सुरू होतो.

छापखान्यानें प्रथम पोथीच छापली. मुंबईस तुकाराम तात्या यांनीं थिऑसॉफिकल प्रकाशन निधीतर्फे १८९३ साली हठप्रदीपिका ज्योत्स्नेसह व श्रीनिवास अय्यंगारकृत इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. गुप्त ठेवावी अशी आज्ञा ज्या ग्रंथांत आहे तो ग्रंथ कोणासही विकत मिळूं लागला; पण शिकण्याच्या दृष्टीनें फरक थोडाच पडला, कारण श्लोक तेच होते. खरा फरक १९०५ सालीं पडला. त्या वर्षी मुंबईस नारायण घमंडे यांचा योगसोपान-पूर्वचतुष्क हा मराठी ग्रंथ निघाला. त्यांत ३७ आसनें असून त्यांचीं हाफटोन चित्रें दिलीं आहेत. आमच्या मतें मराठी वाचकाच्या दृष्टीनें ही मोठीच घटना होय. श्लोकानें जें गुरूवर सोपविलें होतें तें चित्रानें आपल्याकडे घेतलें. हात पुढें कीं मागें, पाठ वांकलेली कीं सरळ, या शंका आतां पानावर बोट ठेवून सुटूं लागल्या. परंतु चित्र एक क्षण दाखवितें. त्या स्थितींत कसें शिरावें व तींतून कसें सुटावें, श्वास घ्यावा कीं सोडावा, हें तें दाखवीत नाहीं. शिवाय ज्याची अनेक रूपें होतीं त्याचें एकच रूप चित्रामुळें ठरून जातें. वर सांगितलेल्या धनुरासनाचा एकच अर्थ घरोघर रूढ झाला, यांत टीकाकारांपेक्षां ठसे करणाऱ्याचा वांटा अधिक असावा.

पुणें जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास लोणावळें, पूर्व टोंकास इंदापूर. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षी योगमीमांसा हें त्रैमासिक काढिलें. स्वामी संस्कृतज्ञ, बडोद्याच्या माणिकरावांजवळ व्यायाम शिकलेले व नर्मदातीरच्या माधवदासजींचे शिष्य. नौलीच्या वेळीं पोटांतील दाब किती उतरतो हें त्यांनीं यंत्र लावून मोजलें आणि त्या निर्वातस्थितीस गुरूचें नांव दिलें. दक्षिणेस नीरा ओलांडून फलटण-दहिवडीच्या वाटेनें गेलें म्हणजे औंध. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार चालू केले व त्यांवर पुस्तक लिहिलें. १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनसही निघालें. औंधासच श्रीपाद दामोदर सातवळेकर स्वाध्यायमंडळातर्फे वेदांच्या बरोबरीनें आसनांविषयीं पुस्तकें छापीत होते. सूर्यनमस्कार हा योग कीं व्यायाम, हा वाद त्या काळीं जोरांत होता; आम्ही त्यांत शिरत नाहीं. बारामती-इंदापूरचा मनुष्य या दोन केंद्रांपैकीं कोणतेंही रोज गांठूं शकत नव्हता. शेतीचें काम, कचेरी किंवा शाळा सोडून लोणावळ्यास कोण राहणार? त्याच्यापर्यंत पोंचण्यासारखें होतें तें पुस्तकच, आणि म्हणूनच केंद्रापासून दूर असलेल्या या तालुक्यांतील पुस्तकांस विशेष महत्त्व आहे.

पुस्तकानें गुरूची जागा घेतल्यावर लेखकावर एक नवीन जबाबदारी आली, ती भयाची. प्राणायाम युक्तीनें केल्यास सर्व रोग जातात व अयुक्तीनें केल्यास उचकी, दमा, खोकला, मस्तक-कर्ण-नेत्रांच्या वेदना उत्पन्न होतात, असें प्रदीपिका सांगते. सिंह, हत्ती व वाघ यांप्रमाणें वायु हळूहळू वश करावा, नाहींतर तो साधकासच मारतो, असाही तिचा इशारा आहे. गुरु समोर असतां हा इशारा शिष्याचा उतावळेपणा आवरण्यापुरता होता. गुरु नसतां त्याची व्यवस्था पुस्तकांतच करावी लागली. तिचा सर्वांत विस्तृत नमुना बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार यांच्या ग्रंथांत दिसतो. ते १९३७ सालीं पुण्यास आले. मूळ इंग्रजी ग्रंथ १९६६ सालीं निघाला, आणि मराठींत तो योगदीपिका या नांवानें प्रसिद्ध आहे. सहाशेंच्या घरांत छायाचित्रें, प्रत्येक आसनाची पायरी-पायरीची कृति, आणि शेवटीं ३०० आठवड्यांचा क्रम. तीनशें आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षें. कोणत्या आठवड्यांत काय व किती, हें जें गुरु शिष्याकडे पाहून ठरवीत असे, तें येथें कोष्टकांत बांधलेलें आहे. प्रदीपिकेंतील पंधरा आसनांच्या मोजक्या श्लोकांशेजारीं हा ग्रंथ ठेवून पाहावा, म्हणजे मधल्या पांच शतकांत लिहिण्यावर किती भार वाढला हें कळतें.

मुख्य मुद्दा हा कीं, पोथी व पुस्तक यांपैकीं वापराची खूण बहुधा पुस्तकावरच राहते. इंदापूर तालुक्यांतील एका जुन्या घरीं दप्तर पाहतांना आम्हांस मुखपृष्ठ गेलेलें असेंच एक चोपडें मिळालें. पुस्तक कोणाचें, कोठें छापलेलें, कांहींच कळेना. पण पश्चिमतानाच्या चित्राशेजारीं शिसपेन्सिलीनें लहान रेघा ओढल्या होत्या, पांच-पांचांचे जुडगे करून. त्या पान भरून खालच्या समासांत उतरल्या होत्या. मयूरासनाजवळ दोनच रेघा. प्राणायामाच्या प्रकरणावर आडवी फुली मारून मोडींत लिहिलें होतें, गुरूशिवाय नको. म्हणजे पुस्तकानें दिलेली मोकळीक या अनाम साधकानें आपल्याच हातानें आवरून घेतली होती, आणि तीही पोथीच्या जुन्या ताकिदीस धरून. आम्हीं सनदांच्या नकला उतरून घेतल्या व चोपडें दुसऱ्या खेपेस पाहूं असें ठरविलें. दुसऱ्या खेपेपर्यंत घराची आवराआवर झाली होती. सनदा पेटींत जपून ठेवल्या होत्या आणि पुस्तकें रद्दीवाल्याने वजनावर नेलीं होतीं. घरच्यांस दोष कसला द्यावा? जतन करावयाचे कागद कोणते, हें त्यांस आपणच शिकविलें आहे.

यास्तव संग्राहकांस विनंती कीं, असें पुस्तक दृष्टीस पडल्यास निदान पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या. आवृत्ति व किंमत. मालकाची सही किंवा वाचनालयाचा शिक्का. समासांतील खुणा जशाच्या तशा, मोडी असल्यास मोडींत. कोणतीं पानें मळलीं आहेत व कोणतीं कोरीं करकरीत राहिलीं आहेत, कारण न उघडलेलें पानही साक्ष देतें. आणि धनुरासनाचें चित्र असल्यास तें बसून आहे कीं पोटावर. घरांत हठप्रदीपिकेची किंवा घेरंडसंहितेची पोथी असेल तर ती व हें पुस्तक एकाच नोंदींत लिहावें, वेगळालीं करूं नयेत. योगसोपानाची १९०५ ची प्रत या दोन तालुक्यांत कोणाजवळ असल्यास ती आम्हांस तेथेंच येऊन पाहूं द्यावी. प्रत घरधन्याजवळच राहील, आम्ही केवळ समास उतरून घेऊं.