फुटरमधला फोन नंबर

या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या लँडलाइन नंबरांच्या आधी 2 लागला आणि सात आकडी नंबर आठ आकडी झाले. लोकांनी डायऱ्या दुरुस्त केल्या. हाताने एचटीएमएल लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र गिऱ्हाइकाच्या एकूण एक पानाचा फुटर उघडावा लागला. नंबर एक, पानं शंभर. तो एकाच जागी ठेवायचा कसा, याच्या खटपटीतच आमच्या धंद्याची बरीचशी वर्षं गेली.

उपाय नव्हते असं नाही. अमेरिकेतल्या एनसीएसएच्या वेब सर्व्हरने 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धातच ‘सर्व्हर साइड इन्क्लुड’ दिलं होतं. कॉमेंटसारखी एक ओळ लिहिली की सर्व्हर तिथे दुसरी फाइल आणून चिकटवी. ड्रीमवीव्हर या वेबपानं बनवायच्या सॉफ्टवेअरमधले लायब्ररी आयटम तेच काम आपल्या संगणकावर करत, पण बदललेली सगळी पानं पुन्हा एफटीपीने चढवणं आलंच. 2001 मध्ये बेन आणि मेना ट्रॉट या जोडप्याने मूव्हेबल टाइप आणलं. त्यात ब्लॉगचं नाव कुठल्याही टेम्प्लेटमध्ये एका टॅगने उमटायचं; ‘रीबिल्ड’ दाबायचं आणि चहाला जायचं.

2008 मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नरने टेम्प्लेटमधून अख्खी साइट तयार करून देणारं जेकिल लिहिलं, तेव्हा टेम्प्लेटसाठी ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या शॉपिफायची लिक्विड ही भाषा घेतली. हेडर, फुटर, कार्ड असे तुकडे इन्क्लुडच्या फोल्डरमध्ये, साइटचं नाव-पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये. 2013 च्या 1.3 आवृत्तीत डेटाचं वेगळं फोल्डर आलं. आता शाखांची यादी, कर्मचाऱ्यांचे फोन, सगळं साध्या यादीसारखं लिहून ठेवायचं आणि कुठल्याही तुकड्यातून मागायचं.

खरा वाद इथून पुढे आहे: तुकड्याला किती माहिती आपोआप दिसावी? घरी स्वयंपाकाला बोलावलेला आचारी दोन तऱ्हांचा असतो. एक तुमच्या फडताळातले सगळे डबे स्वतः उघडतो. दुसरा ओट्यावर काढून दिलं तेवढ्यातच रांधतो. इन्क्लुड पहिल्या जातीचा; मॅक्रो, म्हणजे नाव देऊन ठेवलेला आणि लागेल ते हाती देऊन बोलवायचा तुकडा, दुसऱ्या. आर्मिन रोनाखरच्या जिंजा 2 या पायथनमधल्या टेम्प्लेट भाषेत इन्क्लुड केलेल्या फाइलला पानावरची सगळी माहिती दिसते, इम्पोर्ट केलेल्या मॅक्रोला दिसत नाही. यात विक्षिप्तपणा नाही. इम्पोर्ट केलेली फाइल एकदा वाचून कॅशमध्ये ठेवतात. प्रत्येक पानाची माहिती तिच्यात शिरू दिली, तर एका पानासाठी साठवलेली प्रत दुसऱ्याला चालणार नाही. ज्याला माहिती हवीच आहे त्याने इम्पोर्टच्या ओळीत ‘विथ कॉन्टेक्स्ट’ असं मुद्दाम लिहायचं.

मोझिलातल्या जेम्स लाँगने याच धर्तीवर जावास्क्रिप्टसाठी नन्जक्स रचलं, आणि झॅक लेदरमनच्या इलेव्हन्टी या जेकिलसारख्याच साधनात ते सर्रास वापरलं जाऊ लागलं. इलेव्हन्टीतही ग्लोबल डेटाचं फोल्डर आहेच. पण फुटरचा मॅक्रो केला की नंबर गायब होतो! एररही येत नाही. नन्जक्स न सापडलेल्या गोष्टीच्या जागी मुकाट्याने काहीच छापत नाही. नवी मुलं डेटाच्या फाइलीत चूक शोधत बसतात. ह्यूगो या तशाच आणखी एका साधनातही पार्शलला, म्हणजे तिथल्या तुकड्याला, हाक मारताना पानाची माहिती वाहणारा तो सुप्रसिद्ध डॉट हातात दिला नाही, तर ती त्याच्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

मला विचाराल तर मी ओट्यावर काढून देणाऱ्यांच्या बाजूचा. नाव, पत्ता, फोन एवढंच सगळीकडे दिसावं. कार्डाला शीर्षक हवं तर ते हाती द्यावं. वर्षभराने दुसऱ्याची फाइल उघडल्यावर अमुक शब्द कुठून आला हे तरी कळतं. शॉपिफायही याच निष्कर्षाला आलं. 2019 मध्ये त्यांनी इन्क्लुडऐवजी ‘रेंडर’ पुढे केला. त्याला दुकानाची ग्लोबल माहिती दिसते, पण आसपासच्या टेम्प्लेटमध्ये केलेली व्हेरिएबल्स दिसत नाहीत. गंमत अशी की जेकिल 4 लिक्विडच्या चौथ्या आवृत्तीवरच थांबलंय आणि त्याचा इन्क्लुड स्वतःचा, घरचा आहे. तो अजून सगळे डबे उघडतो.