नर्सचं सॉफ्टवेअर वापरायला सोपं असणं रुग्णासाठी का महत्त्वाचं आहे?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते, हे प्रत्येक नर्सला माहीत असतं. पण दुपारी ती शेवटची कधी बदलली, पाठीवर लाली दिसली होती का, हे रात्रपाळीच्या नर्सला नोंदीवरूनच कळतं. ही नोंद पूर्वी केस पेपरवर व्हायची. आता अनेक रुग्णालयांत ती संगणकावर किंवा टॅबवर होते. मग हे सॉफ्टवेअरच किचकट असेल तर?

केअर प्लॅन म्हणजे काय?

डॉक्टर आजाराचं निदान करतात. त्या आजारात रुग्णाला रोज कोणती काळजी लागेल, याचा आराखडा नर्स तयार करते. त्याचे पाच टप्पे असतात: रुग्णाची पाहणी, अडचण ओळखणं, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन.

बेडसोरचं, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचं उदाहरण घेऊ. तिचा धोका मोजण्यासाठी 'ब्रेडन स्केल' वापरतात. संवेदना, त्वचेचा ओलावा, हालचाल, पोषण अशा सहा निकषांवर ६ ते २३ गुण दिले जातात. गुण जितके कमी, तितका धोका जास्त.

चांगलं सॉफ्टवेअर गुणांची बेरीज स्वतः करतं, धोका दिसला की योग्य उपाय सुचवतं आणि कूस बदलायची वेळ झाली की आठवण देतं. वाईट सॉफ्टवेअरमध्ये हेच सहा निकष वेगवेगळ्या स्क्रीनवर असतात आणि तीच माहिती केअर प्लॅनमध्ये पुन्हा भरावी लागते.

सोपं की अवघड, हे कसं ठरवतात?

'आयएसओ ९२४१-११' या आंतरराष्ट्रीय मानकात तीन गोष्टी पाहिल्या जातात. काम नीट पूर्ण झालं का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागले आणि वापरणारी व्यक्ती समाधानी आहे का. हे सगळं प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत तपासायचं असतं. एसी ऑफिसात सहज चालणारं सॉफ्टवेअर वॉर्डमध्ये अडखळू शकतं. तिथे नर्सच्या हातात ग्लोव्हज असतात, नातेवाईक काहीतरी विचारत असतात आणि संगणक कदाचित एकच असतो.

मोजमापाचं एक सोपं साधन म्हणजे जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेलं 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल'. यात १० विधानं असतात आणि ० ते १०० गुण मिळतात. ही टक्केवारी नव्हे. साधारण ६८ गुण सरासरी मानले जातात.

नेमका धोका काय?

नोंद करायला फार वेळ लागला तर नर्स ती पुढे ढकलते आणि ड्युटी संपताना आठवून सगळ्या नोंदी एकदम भरते. कधी कालचीच नोंद कॉपी होते. सारखे इशारे येत राहिले तर त्यातला महत्त्वाचा इशाराही न वाचता बंद केला जातो. मग स्क्रीनवर कूस वेळेवर बदललेली दिसते, प्रत्यक्षात ती बदलली होती का हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या पाळीची नर्स मात्र त्याच नोंदीवर विसंबून असते.

इतर देशांनी काय केलं?

अमेरिकेत २००९ च्या 'हायटेक' कायद्यानंतर इलेक्ट्रॉनिक नोंदी झपाट्याने वाढल्या आणि नोंदींचा बोजाही वाढला. तो पाच वर्षांत २५ टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्ट घेऊन २०२१ मध्ये '२५ बाय ५' हा उपक्रम सुरू झाला.

जर्मनीने काळजी केंद्रांसाठी वेगळा मार्ग घेतला. तिथे २०१५ पासून नोंदींची नवी, सुटसुटीत पद्धत देशभर राबवायला सुरुवात झाली. निवासी केंद्रांत रोजच्या ठरलेल्या कामांची प्रत्येक वेळी वेगळी नोंद करण्याऐवजी, ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं तर ते लिहिण्यावर भर दिला गेला. म्हणजे आधी काय लिहायचं ते कमी केलं. अनावश्यक फॉर्म जसाच्या तसा संगणकावर चढवला, तर तो अनावश्यकच राहतो.

भारतासाठी हे का महत्त्वाचं?

'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' २०२१ मध्ये देशभर सुरू झाल्यापासून आरोग्य नोंदी डिजिटल करण्यावर भर आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर घेण्याआधी रुग्णालयांनी तीन गोष्टी तपासायला हव्यात. वॉर्डमधल्या नर्सनी ते प्रत्यक्ष वापरून पाहिलं का? एक केअर प्लॅन भरायला किती वेळ लागतो आणि किती चुका होतात? आणि तीच नोंद कागदावरही करावी लागणार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर नर्सचं काम कमी होण्याऐवजी दुप्पट होईल. तो वेळ रुग्णाजवळच्या वेळातूनच जाणार आहे.