संकेतस्थळ उभारताना : आधी आराखडा, मग डिझायनर

धानाची शेती, राईस मिल आणि ३,३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा ओळखले जाते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या शहरातील व्यावसायिकाला नागपूर-रायपूरपलीकडचा ग्राहक हवा असेल, तर संकेतस्थळ हे उपयुक्त साधन ठरते. मात्र त्याची आखणी डिझायनरकडे जाण्यापूर्वीच व्हायला हवी.

हेतू निश्चित करा : संकेतस्थळ केवळ माहितीसाठी, चौकशीसाठी की थेट विक्रीसाठी, हे प्रथम ठरवावे. तांदळाच्या ठोक खरेदीदाराला वाण, तुकड्याचे प्रमाण, पोत्याचे वजन व किमान मागणी यांची माहिती हवी असते. चार-पाच पाने त्यासाठी पुरेशी असतात. मजकूर व छायाचित्रे स्वतः तयार ठेवावीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. अन्यथा तो शोधयंत्रांना सापडत नाही.

नावाची नोंदणी : 'डॉट इन' हे डोमेन २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तर देवनागरीतील 'डॉट भारत' २०१४ मध्ये आले. डोमेनची नोंदणी ठरावीक वर्षांपुरती असते. मुदतीत नूतनीकरण न केल्यास नाव हातचे जाते. म्हणून नोंदणी व्यावसायिकाच्याच नावे व ई-मेलवर असावी. डिझायनरच्या नावे नोंदणी असल्यास वाद होताच संकेतस्थळासह त्यावरील ई-मेल पत्तेही अडकून पडतात.

डिझायनरची निवड : त्याने पूर्वी केलेली संकेतस्थळे मोबाइलवर उघडून पाहावीत आणि त्या ग्राहकांशी बोलावे. दरपत्रकात आरेखन, होस्टिंग, सुरक्षा प्रमाणपत्र व वार्षिक देखभाल यांचे आकार स्वतंत्र मागावेत. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी.

लेखी करार : पैसे दिले म्हणजे मालकी मिळाली, असे नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या व्यक्तीने लिहिलेल्या संगणक आज्ञावलीचा पहिला हक्क सामान्यतः तिच्याकडेच राहतो. तो लेखी करारानेच हस्तांतरित होतो. करारात कालावधी नमूद नसल्यास हे हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते. त्यामुळे हक्काचा कालावधी, सर्व पासवर्ड, मूळ फायली व बॅकअप सुपूर्द करण्याची अट करारात असावी.

थेट विक्री करताना : ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर देणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते व तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सर्व पासवर्ड स्वतः वापरून पाहावेत. दुकानाची किल्ली मालकाकडेच असते, संकेतस्थळाचीही असावी.